काल पास, आज फेल: एसआरएसरॅन ४जीच्या बिल्ड आणि युनिट टेस्टचा तिढा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. कोड तोच, कमिट तोच. एका मशीनवर सगळ्या टेस्ट पास होतात, तर दुसऱ्यावर कंपाइलच होत नाही. कंपाइल झालंच तर टेस्ट धडाधड पडतात. आणि सगळ्यांत वैताग म्हणजे तीच टेस्ट तीनदा पास होऊन चौथ्यांदा पडते. मग कुणीतरी रेडिओचं गणित करणाऱ्या टर्बो डिकोडरच्या फाइलमध्ये प्रिंट घालत बसतं. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

एसआरएसरॅन ४जी, म्हणजे २०२१ पर्यंतचं एसआरएसएलटीई, हा एलटीईचा मुक्त-स्रोत स्टॅक आहे. फोनच्या बाजूचा एसआरएसयूई, बेस स्टेशनचा एसआरएसईएनबी आणि छोटेखानी कोअर एसआरएसईपीसी, तिन्ही एकाच रिपॉझिटरीत. तुम्ही स्वतः काही बदललं नसेल आणि टॅग केलेल्या रिलीजवर टेस्ट पडत असेल, तर रेडिओच्या गणितावर शेवटी संशय घ्या. आधी कंपाइलर, प्रोसेसर, जुनं बिल्ड फोल्डर, पोर्ट आणि मशीनवरचा लोड तपासा. पुढचा सगळा मजकूर या पाच संशयितांबद्दल आहे. कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या.

पडली, पण कशी पडली?

‘मेक टेस्ट’ वापरू नका, बिल्ड फोल्डरमधून थेट ‘सीटेस्ट’ हा टेस्ट चालवणारा प्रोग्रॅम चालवा आणि सोबत ‘--आउटपुट-ऑन-फेल्युअर’ द्या. शेवटी पडलेल्या टेस्टची यादी येते. त्या यादीत प्रत्येक नावापुढे कंसात एक शब्द असतो आणि निम्मं निदान त्या एका शब्दात असतं. लोक टेस्टचं नाव वाचतात आणि शब्द सोडून देतात.

‘इल्लीगल’ दिसलं तर प्रोसेसरला न कळणारी सूचना बायनरीत आली आहे. इथे कोड वाचून काहीही मिळणार नाही. ‘टाइमआउट’ म्हणजे टेस्ट वेळेत संपली नाही. वेगळी मर्यादा दिलेली नसेल तर सीटेस्ट १५०० सेकंद थांबतं, त्यामुळे हा शब्द दिसला म्हणजे टेस्ट नुसती हळू चालत नाहीये, बहुधा कुठेतरी अडकून बसली आहे. ‘नॉट रन’ म्हणजे त्या टेस्टची बायनरीच सापडली नाही. फक्त एसआरएसयूई हे एकच टार्गेट बिल्ड करून सीटेस्ट चालवलं की असं हमखास होतं. ‘सेगफॉल्ट’ म्हणजे मेमरीचा घोटाळा, हा मात्र खराही असू शकतो. नुसतं ‘फेल्ड’ असेल तर टेस्ट नीट शेवटपर्यंत गेली आणि तिने स्वतःच नकार दिला. इथे आउटपुट शब्दन् शब्द वाचायचं.

टर्मिनल बंद झालं असेल तरी बिघडत नाही. बिल्ड फोल्डरमध्ये ‘टेस्टिंग’ आणि त्यात ‘टेम्पररी’ नावाचं फोल्डर असतं. तिथल्या ‘लास्टटेस्ट’ लॉगमध्ये शेवटच्या फेरीचं सगळं आउटपुट असतं आणि ‘लास्टटेस्ट्सफेल्ड’मध्ये फक्त पडलेल्यांची नावं. पुढची फेरी या फाइली पुसून टाकते, म्हणून आधी कॉपी करून ठेवा.

कंपाइलच होत नाही

उबुंटूवर लागणारी पॅकेजं थोडीच आहेत: बिल्ड-इसेन्शियल, सीमेक (बिल्डची तयारी करणारा प्रोग्रॅम), आणि एफएफटीडब्ल्यू ३ (फूरिए ट्रान्सफॉर्मची लायब्ररी), एम्बेडटीएलएस, बूस्ट प्रोग्रॅम-ऑप्शन्स, लिबकॉन्फिग++ आणि एससीटीपी यांची ‘डेव्ह’ पॅकेजं. नेहमीची चूक म्हणजे लायब्ररी आहे पण ‘डेव्ह’ पॅकेज नाही, म्हणून हेडर फाइली सापडत नाहीत. दुसरी चूक एफएफटीडब्ल्यू सोर्समधून बसवणाऱ्यांची. या स्टॅकला सिंगल प्रिसिजनची आवृत्ती लागते, जिच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असतो. कॉन्फिगर करताना ‘--एनेबल-फ्लोट’ दिलं नाही तर फक्त डबल प्रिसिजनची लायब्ररी तयार होते. मग सीमेक ‘एफएफटीडब्ल्यू ३ एफ सापडलं नाही’ म्हणतं आणि आपण म्हणत बसतो की अहो, आत्ता तर बसवलं.

पण सध्या सर्वांत जास्त वेळ खाणारा प्रश्न वेगळाच आहे. या प्रकल्पात वॉर्निंगला एरर मानण्याचा पर्याय मुळातच चालू असतो. नवा कंपाइलर नव्या वॉर्निंग काढतो आणि पूर्वी बिनतक्रार कंपाइल होणारा कोड अडतो. उबुंटू २२.०४ मध्ये जीसीसी ११ येतो, २४.०४ मध्ये जीसीसी १३. त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम वाढवली की दुसऱ्या दिवशी ॲरे-बाउंड्ससारख्या नावाची वॉर्निंग ‘वेरर’ची शेपटी लावून येते आणि बिल्ड थांबतो. २३.११ ही आवृत्ती नोव्हेंबर २०२३ ची आहे, तिने पुढच्या सगळ्या कंपाइलरांशी जुळवून घ्यावं ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

यावर दोन वाटा आहेत. सोपी वाट: सीमेकला ‘-डी एनेबल_वेरर=ऑफ’ द्या. वॉर्निंग दिसत राहतील, बिल्ड थांबणार नाही. जास्त भरवशाची वाट: जीसीसी ११ आणि जी++ ११ ही पॅकेजं बसवा आणि ‘सीसी’ व ‘सीएक्सएक्स’ या दोन एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये त्यांची नावं देऊन सीमेक चालवा. टेस्टच्या निकालावर बोलायचं असेल तर दुसरी वाट धरा. नवा ऑप्टिमायझर आणि जुना कोड अशी जोडी असताना टेस्ट पडली, तर दोष कोणाचा हे ठरवण्यातच दिवस जातो.

इथेच एक खाच आहे. ही दोन व्हेरिएबल सीमेक फक्त पहिल्यांदा, रिकाम्या फोल्डरमध्ये चालताना वाचतं. एकदा कॅश फाइल तयार झाली की नंतर सीसी बदलून कितीही वेळा सीमेक चालवा, कंपाइलर जुनाच राहतो. कॅश फाइलमध्ये ‘सीमेक_सीएक्सएक्स_कंपाइलर’ शोधून बघा, खरं काय ते तिथे कळेल. म्हणून कंपाइलर बदलला, लायब्ररी नव्याने बसवली किंवा मशीन बदललं, की बिल्ड फोल्डर पूर्ण उडवायचं आणि नव्याने सुरू करायचं. ‘मेक क्लीन’ने कॅश जात नाही.

बिल्ड अर्ध्यावर ‘किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसी१प्लस’ म्हणत मेला, तर तो कोडचा दोष नाही, मेमरी संपली. आरआरसीच्या, म्हणजे फोन आणि बेस स्टेशनमधल्या नियंत्रण-संदेशांच्या, एएसएन.१ व्याख्येवरून तयार केलेल्या सी++ फाइली अवाढव्य आहेत आणि कंपाइलरची एकेक प्रत त्यांच्यासाठी भरपूर मेमरी घेते. ८ जीबीच्या लॅपटॉपवर १६ जॉब सोडले की कर्नल त्यातल्या एखाद्याचा बळी घेतोच. कर्नलचा लॉग दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’मध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ची ओळ दिसेल. ‘मेक -जे २’ करून पुढे चला. तयार झालेल्या ऑब्जेक्ट फाइली तशाच राहतात, त्यामुळे पहिल्यापासून सुरुवात होत नाही.

व्हर्च्युअल मशीनमध्ये शेअर्ड फोल्डरवर बिल्ड करत असाल आणि ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’ दिसलं, तर घड्याळं जुळवल्याशिवाय त्या बिल्डवर विश्वास ठेवू नका. कोणती फाइल नवी आणि कोणती जुनी हेच मेकला कळत नसतं.

‘इल्लीगल’: दुसऱ्याच्या प्रोसेसरसाठी शिवलेला सदरा

फिजिकल लेयरचा, म्हणजे रेडिओच्या गणिताचा, वेग सिमडी (एका झटक्यात अनेक आकडे हाताळणाऱ्या) सूचनांवर उभा आहे: एसएसई ४.१, एव्हीएक्स २, एव्हीएक्स ५१२ आणि आर्मवर निऑन. सीमेक चालतं तेव्हा ते छोटे प्रोग्रॅम चालवून त्या मशीनवर यांपैकी काय काय उपलब्ध आहे ते तपासतं आणि कोडमधले तसतसे भाग चालू करतं. वर ‘एमआर्च=नेटिव्ह’ असतं, म्हणजे कंपाइलरला ‘याच प्रोसेसरला जे जे येतं ते सगळं वापर’ अशी मोकळीक. परिणामी बायनरी त्या एका मशीनच्या मापाची होते.

सर्व्हरवर एव्हीएक्स ५१२ आहे म्हणून तिथे बिल्ड केलं आणि फोल्डर इंटेलच्या १२ व्या पिढीच्या लॅपटॉपवर कॉपी केलं, तर तिथे एव्हीएक्स ५१२ अधिकृतपणे नाहीच. प्रोग्रॅम सिग्नल ४ ने मरतो, शेलमध्ये एक्झिट कोड १३२ दिसतो, म्हणजे १२८ अधिक ४. डॉकर इमेजचंही तेच. सीआयच्या, म्हणजे आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या, मशीनवर तयार केलेली इमेज टीममधल्या जुन्या डेस्कटॉपवर चालवली की हाच प्रकार घडतो, आणि तिथे तर ‘कंटेनरमध्ये सगळं सारखंच असतं’ या समजुतीमुळे निदानाला जास्तच वेळ लागतो. कंटेनर प्रोसेसर सोबत आणत नाही.

कोणत्या टेस्ट पडतात यावरून अंदाज बांधायला जाऊ नका. एव्हीएक्स ५१२ नाव असलेल्या एलडीपीसीच्या (५जीच्या त्रुटी-दुरुस्ती कोडच्या) टेस्ट पडल्या तर उघड आहे. पण नेटिव्हची मोकळीक दिल्यावर कंपाइलर त्या सूचना कुठेही टाकतो, साध्या बफर कॉपीतही. त्यामुळे कधी आरएलसीची (पाकिटं पोहोचवणाऱ्या थराची), तर कधी सुरक्षेची टेस्ट पडते आणि काही सूत्रच लागत नाही.

शहानिशा पाच मिनिटांची आहे. पडलेली बायनरी जीडीबी या डीबगरखाली चालवा. ती थांबली की ‘एक्स/आय $पीसी’ द्या. ज्या सूचनेवर प्रोसेसर अडला ती एक ओळ समोर येते. त्या ओळीत ‘झेडएमएम’ने सुरू होणारं रजिस्टर दिसलं तर एव्हीएक्स ५१२ नक्की. ‘वायएमएम’ दिसलं तर बहुधा एव्हीएक्स किंवा एव्हीएक्स २. मग प्रोसेसरची माहिती देणाऱ्या ‘एलएससीपीयू’च्या फ्लॅग्जमध्ये ते नाव आहे का बघा. नसेल तर खटला मिटला.

उपाय: जिथे चालवायचं तिथेच, नव्या फोल्डरमध्ये बिल्ड करा. तेवढा वेळ नसेल आणि एकच बायनरी चार मशीनवर न्यायची असेल, तर चौघांतल्या सर्वांत कमी सूचना येणाऱ्या प्रोसेसरवर बिल्ड करा. वेग थोडा जाईल, टेस्टचा निकाल मात्र सगळीकडे सारखा येईल. सीमेकमध्ये ‘जीसीसी_आर्च’ बदलूनही नेटिव्ह काढता येतं, पण सिमडी शोधण्याची पायरी त्यापासून वेगळी आहे. एक बदलून दुसरी तशीच ठेवली की अर्धवट औषध होतं.

याच दुखण्याची उलटी बाजू क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दिसते. प्रोसेसरचं मॉडेल न निवडता मशीन उभं केलं तर आतल्या सिस्टिमला एक साधा, मुद्दाम अशक्त ठेवलेला प्रोसेसर दिसतो. सीमेक मग ‘नो सिमडी इन्स्ट्रक्शन्स फाउंड’ म्हणून थांबतं. व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमध्ये ‘होस्ट-पासथ्रू’ निवडा, मशीन बंद करून पुन्हा चालू करा आणि बिल्ड फोल्डर उडवून सीमेक पुन्हा चालवा.

कधी पास, कधी फेल

समजा, सीटेस्ट ‘-जे १६’ ने चालवलं आणि शेवटी तीन नावं राहिली: आरएलसीच्या दोन स्ट्रेस टेस्ट आणि एस१एपी (बेस स्टेशन आणि कोअरमधला संवाद) टेस्ट. आधी ‘सीटेस्ट --रीरन-फेल्ड --आउटपुट-ऑन-फेल्युअर’ द्या आणि या वेळी ‘-जे’ देऊ नका. आरएलसीच्या दोन्ही पास झाल्या, एस१एपी पुन्हा पडली. म्हणजे ही एक नसून दोन वेगळी दुखणी आहेत.

आरएलसीच्या स्ट्रेस टेस्टमध्ये दोन बाजूंचे थ्रेड, टायमर आणि मधेच पाकिटं गाळणारा नकली चॅनेल असतो. टायमर खऱ्या घड्याळावर चालतात. सोळा टेस्ट एकदम सोडल्या, त्यात फिजिकल लेयरच्या टेस्टनी प्रत्येक कोअर पिळून काढला, की थ्रेडला वेळेवर पाळी मिळत नाही आणि टायमर उगाच संपतात. ही खरंच लोडची गोष्ट आहे की कोडमध्ये रेस, म्हणजे थ्रेडच्या क्रमावर अवलंबून असलेली चूक, आहे, हे ठरवायला रिकाम्या मशीनवर ‘सीटेस्ट -आर आरएलसी --रिपीट अंटिल-फेल:५०’ चालवा. ‘रिपीट’चं हे रूप सीमेक ३.१७ पासून आहे. पन्नासही फेऱ्या निभावल्या तर लोडवर खापर फोडायला हरकत नाही. रिकाम्या मशीनवरही एखादी पडली, तर तिला ‘फ्लेकी’ म्हणून बाजूला टाकू नका, ती खरी चूक दाखवते आहे. रोजच्या वापरासाठी दोन फेऱ्या करणं उत्तम. पहिलीत ‘-ई स्ट्रेस’ देऊन स्ट्रेस टेस्ट वगळा आणि बाकीच्या समांतर चालवा. दुसरीत फक्त स्ट्रेस, एकेक करून.

आता एस१एपी. ही टेस्ट १२७.०.०.१ वर नकली एमएमई (कोअरचा नियंत्रण भाग) उभा करते आणि त्याच्याशी एससीटीपी या नेटवर्क प्रोटोकॉलने बोलते. एस१एपीचं ठरलेलं पोर्ट ३६४१२. त्याच मशीनवर सगळ्या पत्त्यांवर ऐकणारा खरा एमएमई चालू असेल, तर पोर्ट आधीच गेलेलं असतं. एकाच सर्व्हरवर दोघांनी एकाच वेळी सीटेस्ट चालवलं तरी दोघांतला एक जण हरतो, आणि कोण हरणार ते दर वेळी बदलतं, म्हणून दुखणं गूढ वाटतं. ‘एसएस’ कमांडला एससीटीपीचा पर्याय देऊन ३६४१२ कोणाकडे आहे ते बघा. ५जीच्या एनजीएपी टेस्टचंही असंच, तिथे पोर्ट ३८४१२ असतं.

पोर्ट मोकळं आहे आणि तरी ‘प्रोटोकॉल नॉट सपोर्टेड’ येतंय? मग कर्नलमध्ये एससीटीपीचं मॉड्यूलच चढलेलं नाही. ‘चेकएससीटीपी’ ही छोटी कमांड एका ओळीत उत्तर देते. होस्टवर ‘मॉडप्रोब एससीटीपी’ करा. होस्टवर म्हणजे होस्टवरच. कंटेनरच्या आत लिबएससीटीपी कितीही वेळा बसवलं तरी कर्नल बाहेरचाच असतो. क्लाउडच्या काटछाट केलेल्या कर्नलमध्ये मॉड्यूलची फाइलच नसते, ती ‘मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ पॅकेजमधून आणावी लागते. फेडोरा आणि त्याच्या भावकीत हे मॉड्यूल ब्लॅकलिस्टमध्ये असतं, ती ओळ काढावी लागते.

या सगळ्यात एक ओळ हकनाक बदनाम होते: ‘फेल्ड टू क्रिएट थ्रेड विथ रिअल-टाइम प्रायॉरिटी’. तिच्यात ‘फेल्ड’ आहे म्हणून सगळे तिच्यामागे लागतात आणि सीटेस्ट सुडोने चालवायला लागतात. ती नुसती वॉर्निंग आहे. थ्रेड साध्या प्रायॉरिटीने सुरू होतो आणि युनिट टेस्टला तेवढं पुरतं. सुडोने एकदा चालवलं की बिल्ड फोल्डरमधल्या काही फाइली रूटच्या मालकीच्या होतात आणि पुढच्या वेळी साध्या यूजरने चालवताना परवानगीचं नवंच झेंगट उभं राहतं.

दर वेळी पडते, एकाच जागी पडते

ही टेस्ट मात्र गंभीरपणे घ्यावी. सुरक्षेच्या टेस्ट घ्या: ईईए१, ईईए२, ईईए३ (मजकूर गुप्त करणाऱ्या पद्धती) आणि त्यांच्या ईआयए बहिणी (मजकुरात फेरफार झाला का ते तपासणाऱ्या). थ्रीजीपीपी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने दिलेली ठरावीक की, ठरावीक इनपुट आणि ठरावीक उत्तर एवढंच त्यांत असतं. त्यांत टायमर नाही, यादृच्छिक काही नाही. ईईए२ मागे एईएस आहे आणि ते एम्बेडटीएलएसमधून येतं. ईईए१ आणि ईईए३, म्हणजे स्नो थ्रीजी आणि झूक, रिपॉझिटरीतल्याच कोडमध्ये आहेत. त्यामुळे फक्त ईईए२ पडली तर बाहेरच्या लायब्ररीची आवृत्ती बघा. तिन्ही पडल्या तर कंपाइलर किंवा तुमचा स्वतःचा ताजा बदल.

सेगफॉल्टसाठी ‘रेलविथडेबइन्फो’ प्रकारचा बिल्ड करा. डीबग प्रकारात फिजिकल लेयरच्या टेस्ट इतक्या रेंगाळतात की मूळ दुखणं राहतं बाजूला. त्याने भागलं नाही तर मेमरीच्या चुका पकडणारा ‘एनेबल_एसॅन=ऑन’ हा पर्याय देऊन वेगळ्या फोल्डरमध्ये बिल्ड करा, वेग साधारण निम्मा होतो. रेसचा संशय असेल तर ‘एनेबल_टीसॅन’, पण त्याने टेस्ट ५ ते १५ पट हळू चालतात, म्हणून संशयित तेवढ्याच टेस्ट निवडा. दोन्ही एकदम चालत नाहीत. टीसॅन सुरू होताच ‘अनएक्स्पेक्टेड मेमरी मॅपिंग’ म्हणून मेला, तर तो नव्या कर्नलच्या पत्ते विखुरण्याच्या सेटिंगचा परिणाम आहे. ‘सिसकंट्रोल’ने ‘व्हीएम.एममॅप_आरएनडी_बिट्स’ २८ वर आणा आणि काम झालं की पूर्वीच्या किमतीवर न्या.

सगळ्या पास, पण किती?

‘शंभर टक्के पास’ या ओळीवर लगेच खूश होऊ नका. टेस्टची यादी सीमेक चालतानाच ठरते. झीरोएमक्यू (प्रोग्रॅममध्ये संदेश पाठवणारी लायब्ररी) सापडलं नाही तर त्याच्या रेडिओ ड्रायव्हरची टेस्ट यादीत येतच नाही. प्रोसेसरला एव्हीएक्स ५१२ येत नसेल तर त्या टेस्टही नाहीत. एलडीपीसीमध्ये दोन बेस ग्राफ आणि ५१ लिफ्टिंग साइझ असतात, म्हणजे एकेका प्रकारामागे १०२ जोड्या होतात, तेव्हा एक प्रकार गळला की आकडा शेकड्याने खाली येतो आणि निकाल तरी हिरवाच दिसतो.

‘सीटेस्ट -एन’ टेस्ट न चालवता फक्त यादी देतं आणि शेवटच्या ओळीत एकूण संख्या सांगतं. दोन मशीनच्या निकालांची तुलना करण्याआधी हे दोन आकडे जुळवा. जुळत नसतील तर दोन्हीकडच्या याद्या फाइलमध्ये घेऊन डिफ करा, काय गळलं ते लगेच दिसेल. झीरोएमक्यूची टेस्ट गळलेली असेल तर त्याचं ‘डेव्ह’ पॅकेज बसवा, बिल्ड फोल्डर उडवा आणि सीमेकच्या आउटपुटमध्ये ‘फाउंड लिबझीरोएमक्यू’ची ओळ दिसल्याशिवाय मेक चालवू नका.

एवढं करूनही टेस्ट पडतच असेल आणि मदत मागायची वेळ आली, तर पडद्याचा फोटो नको, मजकूर द्या: कमिटचा हॅश, जीसीसी आणि सीमेकची आवृत्ती, एलएससीपीयूमधली फ्लॅग्जची ओळ, रिकाम्या फोल्डरमधल्या सीमेकचं पूर्ण आउटपुट, सीटेस्टने दिलेला कंसातला शब्द आणि लास्टटेस्ट लॉगमधला त्या एका टेस्टचा भाग. टेस्ट एकटी चालवल्यावर पडते की फक्त घोळक्यात, तेही लिहा, नाहीतर पहिला प्रश्न तोच येईल.